वाटेतला पिंपळ

पऱ्हाटी टीचभर वर आली आणि मैत्रेयीच्या सेंटरची लिंक जायला लागली.

एकदाची गेली असती तर बरं झालं असतं. ही जायची, यायची, अर्धं पान उघडून मधेच थांबायची. समोरच्या खुर्चीवर माणूस अंगठा पुसून तयार, मशीनमध्ये लाल उजेड पेटलेला, पडद्यावर एक गोल आपला फिरतोय, आणि दोघंही त्या गोलाकडे बघत गप्प.

"काय म्हणते?" जमनीबाईनं पुन्हा विचारलं. ती तांड्यावरून सकाळीच आली होती. दोन एकर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या पिकाचा विमा काढायचा होता.

"थांब ना आजी. येऊन राह्यली लिंक."

"कोठून येऊन राह्यली? पायी येऊन राह्यली का?"

बाकावरची माणसं हसली. मैत्रेयीही हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलली नाही. गोल थांबला. पान आलं. तिनं घाईनं जमनीबाईचा अंगठा धरून काचेवर टेकवला. आयुष्यभर कापूस वेचून त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीनला तो चटकन ओळखू यायचा नाही. तिनं ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. मशीननं ओळखला. आणि तेवढ्यात लिंक गेली.

"तुया डब्ब्यापेक्षा माया कोंबडा बरा," जमनीबाई उठत म्हणाली. "एकदा आरवाले लागला का मधात थांबत तं नाई."

बाकावरचे दोघे तिच्यामागं उठले. दारव्ह्याला जाणारी जीप फाट्यावर उभी होती. विमा काढायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती आणि दारव्ह्यात लिंक कधी जात नव्हती.

चिंचखेड खोलगट जागेत वसलेलं गाव. मोबाईलवर बोलायचं तर माणसं तळ्याच्या पाळीवर जाऊन उभी राहत. म्हणून मैत्रेयीनं दोन वर्षांपूर्वी ज्या खासगी कंपनीनं सेंटर चालवायचा आयडी दिला तिच्याकडूनच डिश बसवून घेतली होती. दारव्ह्याकडच्या टेकडीवर कंपनीचा टॉवर, इकडे घराच्या टिनावर छोट्या खांबाला परातीएवढी डिश. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचं. दारव्ह्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून आलेल्या मैत्रेयीला त्यातलं विज्ञान ठाऊक होतं. गावाला एवढंच ठाऊक होतं की तिच्या बापाच्या, धर्मपालच्या घरी अंगठा लागतो.

त्या अंगठ्यावर घर चालत होतं. धर्मपालनं चार एकर वावर बटईनं देऊन टाकलं होतं. सहा वर्षांपूर्वीच्या फवारणीच्या मोसमात राजदीप, मैत्रेयीचा थोरला भाऊ, पऱ्हाटीवर औषध मारून घरी आला तो भिंतीला धरत धरत. यवतमाळच्या दवाखान्यात नेला आणि तिथून परत आला तो अँब्युलन्समधून. तेव्हापासून धर्मपालचे हात थरथरत. फवारणीचा पंप त्यानं विकला नाही, कुणाला दिला नाही, गोठ्यामागं खड्डा करून पुरला. वावरात तो अजून जायचा, पण धुऱ्यावर, बांधावर बसून परत यायचा.

प्रेमसिंग हा कंपनीचा माणूस, जमनीबाईच्याच तांड्यावरचा. आयटीआय करून लागलेला. फटफटीच्या हँडलला पिशवी, पिशवीत पकडी, वायरीची गुंडाळी, दोनचार जुने राऊटर. फोन केला की तो यायचा. आणि तो आला की लिंक हमखास यायची.

"मावशी," चहाचा कप घेत तो मैत्रेयीच्या आईला, कांताबाईला म्हणाला, "तुमच्या लिंकचा मायावर जीव हाय. मी आलो का येते, गेलो का जाते."

"मंग राह्य ना इथंच," कांताबाई म्हणाली. "दोन भाकरी जास्तीच्या टाकतो."

प्रेमसिंग टिनावर चढला. वायरीची टोकं कापून नवी दाबली. पॉवरचा डबा बदलला. राऊटर बदलला. डिशचे बोल्ट सैल करून ती केसभर इकडं, केसभर तिकडं करून पाहिली. खाली उतरला तेव्हा त्याचे गुडघे टिनानं भाजून लाल झाले होते.

"सामान सारं ठीक हाय, ताई," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "एक सांगू का? साहेब म्हणत होते, महिना संपेपर्यंत हे सेंटर असंच राह्यलं तं आयडी बंद करतात. बाजूच्या गावचा एक पोट्टा मागं लागूनच हाय. मी बोललो नाई म्हणून समजजा."

"आयडी गेला तं पुन्हा भेटते का?"

"गेलेला तं अजून कोणाले भेटलेला पाह्यला नाई म्या."

तो गेला आणि दुपारी लिंक गेली.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयीनं बाहेर 'सेंटर बंद' अशी पाटी लावली आणि आतून कडी घातली. कॉलेजात प्रयोगशाळेतल्या सरांनी एक गोष्ट मनावर बिंबवली होती : बिघाड शोधायचा तर साखळी अर्ध्यात तोडायची. जो अर्धा भाग ठणठणीत निघेल तो सोडून द्यायचा, उरलेला पुन्हा अर्ध्यात तोडायचा. अंदाज बांधत बसायचं नाही. तिनं तसंच केलं. कॉम्प्युटरवरून राऊटरला हाक मारत ठेवली. पिंग म्हणतात तिला. आपण हाक मारायची, पलीकडून ओ आली की पडद्यावर एक ओळ उमटते. राऊटरनं एकही ओ चुकवली नाही. मग टिनावरच्या डिशला हाक मारली. तीही प्रत्येक हाकेला ओ देत राहिली. म्हणजे घरातलं सगळं चांगलं होतं. मग टेकडीवरच्या टॉवरला हाक मारली. सकाळभर ओळी सरळ खाली उतरत गेल्या. ऊन चढलं, वारा सुटला, आणि ओळी गळायला लागल्या. दोन आल्या, एक नाही. एक आली, चार नाहीत.

डिश चांगली, टॉवर चांगला. मधे उरली हवा.

ती शिडी लावून टिनावर गेली. घराच्या मागं जमीन चढत जाते. बरड आहे ते, घराच्या छपराच्या बरोबरीनं उंच. त्याच्या डाव्या अंगाला चिंचेची जुनी झाडं, उजव्या अंगाला सरपंच मारोतरावांच्या गोठ्याचं उंच टिन. मधल्या फटीतून लांबवरची टेकडी दिसते. त्या एका फटीसाठी डिश ह्या कोपऱ्यात बसवली होती. मैत्रेयीनं डिशच्या मागं गाल टेकवून पाहिलं.

फटीत पिंपळ उभा होता.

राजदीपच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातल्या पिंपळाखालचं रोप आणून कांताबाईनं ते बरडावर लावलं होतं. बरड घरामागचं, पण मुळं भिंतीपर्यंत पोचणार नाहीत इतकं लांब. अगदी धुऱ्याला लागून. मुरमाड जागा, लागणार नाही असं सगळे म्हणाले. कांताबाईनं रोज गुंडभर पाणी कमरेवर घेऊन बरड चढून ते जगवलं. उन्हाळ्यात दोनदा. डिश बसवायला माणसं आली ती फाल्गुनात. पिंपळानं पानं झाडली होती. तेव्हा तो होताही लहान, नुसत्या काड्या. मैत्रेयीनंच टिनावर उभं राहून सांगितलं होतं, टॉवर आरपार दिसते, बसवा. गेला पावसाळा त्यानं कसाबसा धकवला. पण हा पाऊस चांगला लागला, आणि पिंपळ एका महिन्यात हातभर वाढून दाटला.

वारा पडला होता. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक. बाकी झाडं गप्प असताना त्याची पानं हलत असतात. पानात पाणी, आणि पाण्याला ह्या लहरी पिऊन टाकायची खोड. पान आडवं झालं की ओ गेली, तिरपं झालं की आली. मैत्रेयी बघत उभी राहिली. पायाखालचं टिन चटके देत होतं ते तिला कळलंच नाही.

"काय पाहून राह्यली व वरतं?" खालून कांताबाईनं विचारलं.

"काही नाई."

"मंग उतर ना. पोळशीन."

पुढचे काही दिवस मैत्रेयी कारण ठाऊक असताना दुसरे इलाज करत राहिली. प्रेमसिंगला सांगून लांब पाईप आणवला. तो टिनाच्या कैचीला बांधला तर वाऱ्यानं वेळूसारखा डोलायला लागला. डिश डोलली की टॉवर सुटायचा, आणि पावसाचं पाणी पाईपाच्या भोकातून थेट कॉम्प्युटरच्या टेबलावर. पाईप काढला. प्रेमसिंगनं पाईप फटफटीला बांधता बांधता एकदा पिंपळाकडे पाहिलं, एकदा कांताबाईकडे. त्यालाही कळलं होतं.

मग ती सरपंचांकडे गेली. पिंपळाच्या पलीकडे धुरा आणि धुऱ्यापलीकडे मारोतरावांचं वावर. खांब पिंपळाच्या पुढं, धुऱ्यावर गाडता आला असता तर प्रश्नच मिटत होता.

मारोतराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. समोर खुर्ची होती, पण त्यांनी बस म्हटलं नाही, म्हणून मैत्रेयी पायरीखाली उभी राहिली.

"धुऱ्यावर खांब?" ते म्हणाले. "आज खांब गाडसान, उद्या म्हणसान धुराच आमचा. तुयाच बापानं मागच्या साली मोजणीवाला आणला होता. भुलली का?"

"एकच खांब हाय, मारोतराव. लिहून देतो मी."

"लिहून काय, तुमी सारे शिकले-सवरले. लिहाले कोण हारवते तुमाले." सुपारीचं खांड तोंडात टाकून त्यांनी जरा वेळ चघळलं. "हे पाय. ग्रामपंचायतीचं छत उंच हाय. तिथं लाव डिश. पण मंग सेंटर पंचायतीत राहीन, अन् आयडी आमच्या पोराच्या, गोपालच्या नावानं. तुले कामाले ठेवते थो. तुया हातचं काम तं कोणी हिसकून नाई राह्यलं."

"गोपालले कॉम्प्युटर येते का?"

"तू हायस ना."

ती वळली तेव्हा मागून ते म्हणाले, "घराच्या मांगं पिंपळ लावाले कोणं सांगतलं होतं व तुमाले? तोडा न थो. दोन पैशाचं झाड."

घरी आल्यावर ती चूल पेटवायला बसलेल्या आईजवळ पाट सरकवून बसली. कांताबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई म्हणले न?"

"नाई म्हणले." मग ती म्हणाली, "आई, पिंपळाची एक फांदी आड येऊन राह्यली. टॉवरच्या."

फुंकणी कांताबाईच्या तोंडाशी होती. ती तिनं खाली ठेवली.

"एकच?"

"एकच. बाजूची."

खरं काय ते मैत्रेयीला ठाऊक होतं. डोळ्याला टॉवर दिसला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं नसतं. डोळ्याला सुतासारखी वाट पुरते. ह्या लहरींना पिंपळाजवळ बैलगाडीच्या चाकाहून मोठा घेर लागतो. पुस्तकात आकृती होती, तिनं परीक्षेत ती काढली होती. पण आईसमोर चाकाएवढं म्हणायला तिची जीभ रेटली नाही. फांदी म्हटलं की सोपं वाटत होतं.

कांताबाईनंच विळा घेतला. फांदी मनगटाएवढीही नव्हती. तुटल्या जागेतून पांढरं दूध आलं, तिच्या बोटांवरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. तिनं माती लावून ती जागा लिंपली. खाली पडलेली पानं गोळा करून विहारात बुद्धाच्या मूर्तीसमोर ठेवून आली.

लिंक आली. सुतासारख्या वाटेतूनही थोडं थोडं जातंच. त्या दिवशी मैत्रेयीनं बरेच विमे काढले. संध्याकाळी पाऊस आला, पानं ओली होऊन खाली झुकली, आणि लिंक गेली.

"आई, वरची बी एक लागन."

"बरं."

वरची गेली. त्यानंतर तिच्या मागची. वारा उलट्या दिशेनं सुटला तेव्हा पलीकडून वाकणारी. प्रत्येक वेळी कांताबाई विळा घेऊन बरडावर जायची आणि मैत्रेयी टिनावर उभी राहून हात करायची : जराशी डावी, जराशी खाली. प्रत्येक वेळी दूध, प्रत्येक वेळी माती. झाड एका अंगानं ओकं दिसायला लागलं. वाटेनं जाणारी बायामाणसं थांबून बघत आणि काही न विचारता पुढं जात. कांताबाईच्या हाताला दुधाचा चिकट काळा थर बसला. राखेनं घासला तरी निघेना.

धर्मपाल हे सगळं धुऱ्यावर बसून बघायचा. एकदा तो मैत्रेयीला म्हणाला, "लोकाइची शेंबडी पोरं बी असं नाई करत. तू एक चिमटा काढते, तुयी माय कळवळली का थांबते. पुन्हा काढते."

"बाबा, मी काय मुद्दाम करून राह्यली का?"

"नाई म्हणत मी."

महिना सरत आला. प्रेमसिंग येऊन सांगून गेला की साहेब रोजचा आकडा पाहून राह्यले. त्या दुपारी आभाळ भरून आलेलं, बाकावर माणसं दाटीनं बसलेली, आणि लिंक पुन्हा जाऊन बसली. मैत्रेयी उठून स्वैपाकघरात आली. कांताबाई कणिक मळत होती.

"आई."

"हं."

"अजून एक—"

कांताबाईचे हात थांबले. तिनं कणकेतून बोटं सोडवली, एकेक.

"किती लागते थे एकदाच सांग."

मैत्रेयी चुलीपाशी सरकली.

"तवा बी तुमी मले असंच सांगतलं. तू अन् तुया बाप यवतमाळले, मी इथं ढोरं धरून. पयले म्हणली डोळे दुखून राह्यले. मी म्हटलं दुखन, औषध गेलं असन. मंग म्हणली सलाईन लावली. मंग म्हणली आज बोलला नाई, झोपून हाय. मंग म्हणली मशीन लावली, मशीननं बरं वाटते. मी रोज तेवढंच धरून बसो. तेवढ्यात काय होते, म्हणो. तेवढं सरलं का तू दुसरं सांगो." तिनं हाताची कणिक परातीच्या काठाला पुसली. "मले पयल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी ढोरं सोडून दिली असती व. पायी आली असती. जिता असताना त्याले हात तं लावला असता."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं. मैत्रेयी चुलीपाशी उभी होती. तेव्हा ती अठरा वर्षांची होती, वॉर्डबाहेरच्या जिन्यात उभी राहून फोन लावायची, आणि फोन लावण्याआधी मनातल्या मनात वाक्य लहान करून घ्यायची. आई घाबरंल म्हणून. आज तिला ते सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

"सारंच लागते," ती म्हणाली. "एवढं." तिनं दोन्ही हात पसरले, जितके पसरता आले तितके. "चाकाहून मोठं. वरचं सारं. बुंधा बी तोडा लागते."

"हे तुले आज समजलं?"

"नाई. पयल्याच दिवशी."

कांताबाईनं मान हलवली. मग ती परत खाली बसली आणि राहिलेली कणिक मळून तिनं झाकून ठेवली.

"बापाले हाक मार," ती म्हणाली. "कुऱ्हाड न्हाणीमांगं हाय."

बाकावरची माणसं उठून मागं आली होती. कांताबाईनं तोंड-हात धुतले, धुतलेलं पांढरं लुगडं नेसली, पिंपळासमोर मेणबत्ती लावली आणि हात जोडून त्रिशरण म्हणायला लागली. मैत्रेयी आणि धर्मपाल तिच्यामागं म्हणत होते. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलंच शील जीव न मारण्याचं. तिथं कांताबाईचा आवाज अडला. दोघं थांबले. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथंच आली, आणि ह्या वेळी न थांबता पुढं गेली.

प्रेमसिंग खाली फटफटी लावून आला होता. "मामाजी, आणा, मी तोडतो," तो धर्मपालला म्हणाला. धर्मपालच्या हातातली कुऱ्हाड थरथरत होती.

"नोको," कांताबाई म्हणाली. "परक्याचा हात नोको. त्याइलेच तोडू दे."

धर्मपालनं घाव घातला. पहिला सालीवरून घसरला. दुसरा लागला. पिंपळाचं लाकूड मऊ असतं, पण धर्मपालला वेळ लागला. दर दोन घावांनी तो कुऱ्हाड टेकवून उभा राहायचा आणि कुणी त्याला घाई करायचं नाही. कांताबाईनं दोराचं दुसरं टोक धरलं होतं, झाड मारोतरावांच्या वावरात पडू नये म्हणून. ते तिच्याकडेच पडलं. पानांचा मोठा सळसळाट झाला, आणि तो थांबल्यावर डिशसमोर लांबची टेकडी आणि तिच्यावरचा टॉवर उघडा दिसला. भरल्या आभाळातही.

शेजारच्या शकुबाईच्या शेळ्या वासानं आल्या. शकुबाई त्यांना हाकलायला धावली.

"खाऊ दे," कांताबाई म्हणाली. "आता काय त्याचं."

त्या संध्याकाळी पाऊस पडला. मैत्रेयीनं टॉवरला हाक मारत ठेवली होती. ओळी उतरत होत्या, एकही न गळता. दारव्ह्याच्या रांगेतून तशीच परतलेली जमनीबाई पुन्हा आली, अंगठा टेकवून बसली, कागद हातात घेऊन उठली. "सुधारला व तुया डब्बा," ती म्हणाली. काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ओटाभर रांग होती. मारोतरावांनी गोपालला कागद देऊन पाठवलं होतं. तो रांगेत उभा राहिला, त्याचा नंबर आल्यावर मैत्रेयीनं त्यांचाही विमा काढून दिला. साहेबांनी प्रेमसिंगकडून निरोप धाडला, आयडी राहते.

कांताबाई दोन्ही वेळचा चहा बाहेर आणून द्यायची. "चालते न?" एवढं विचारायची. "चालते," मैत्रेयी म्हणायची. ह्यापलीकडे मायलेकींत बोलणं उरलं नव्हतं. गुंड घेऊन बरड चढायची कांताबाईची वेळ व्हायची तेव्हा ती उगाच ओसरी झाडायची. झाडलेलीच ओसरी पुन्हा.

पोळा जवळ आला तशी एका सकाळी मैत्रेयी डिशचे बोल्ट बघायला शिडी लावत होती. बरडावर आई वाकलेली दिसली. ती शिडी सोडून वर गेली.

बुंध्याच्या कडेनं कोंब फुटले होते. तांबूस, ओले, चकाकणारे. पानं नखाएवढी, पण टोकाची शेपटी आत्ताच निघालेली. कांताबाई उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर.

"हे वाढते का पुन्हा?" तिनं वर न पाहता विचारलं.

मैत्रेयी तिच्याजवळ बसली. मनात आलेलं सोपं वाक्य तिनं गिळलं.

"वाढते. मूळ जुनं हाय, लवकर वाढते. दोन पावसाळ्यात पुन्हा आड येईन, आई. मंग पुन्हा तोडा लागन. दर बारीले तोडा लागन. सेंटर हाय तवापर्यंत."

कांताबाईनं ऐकून घेतलं. वारा नव्हता तरी कोंबावरची पानं किंचित हलत होती.

"काहीच नाई ठेवता येत?"

मैत्रेयी उठली. टिनावरच्या डिशकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं, खाली वाकून बुंध्यापासून वर हातानं माप घेतलं. पुन्हा डिशकडे पाहिलं. तिला खात्री करून घ्यायची होती. ह्या वेळी एक बोटही कमी-जास्त सांगायचं नव्हतं.

"कमरेएवढं ठेवता येते," ती म्हणाली. "त्याच्या वर नाई. बोटभर बी नाई."

"कमरेएवढं," कांताबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली आणि आपल्या कमरेशी तिनं तळवा आडवा धरला, एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"एवढा होता तवा शाळेत नाव टाकलं होतं त्याचं," ती म्हणाली.

मग लुगड्याचा पदर खोचून ती बरड उतरली आणि पाणी आणायला गेली.